लालबागला निघायच्या आधी फोनचं एवढं करून ठेवा

गणपतीत लालबाग-परळच्या गर्दीत शिरणार असाल तर पाण्याची बाटली, जुन्या चपला, पॉवर बँक हे तुमचं तुम्ही बघा. मी फक्त फोनचं सांगतो, तेही फोन कसा सांभाळायचा ते नाही, तो गेलाच तर त्याच्यासोबत अजून काय काय जातं ते. स्क्रीन लॉक असेलच. नसेल तर आधी तो लावून या.

आता मुख्य काम. सिमला पिन लावा. फोनला नाही, सिमला. मागच्या वर्षी माझं बाकी सगळं झालं होतं आणि नेमकं हेच राहिलं, म्हणून एवढा कंठशोष. चोराला तुमचा फोन उघडायची गरजच नसते हो. टाचणीने ट्रे बाहेर काढायचा, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालायचं, की तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे. तुमचं फिंगरप्रिंट, फेस लॉक, सगळं त्या बंद फोनसोबत खिशात पडून. सिमला पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये घातल्या घातल्या ते पिन मागतं आणि तिथेच गाडी अडते. सेटिंग्जमध्ये 'सिम लॉक' किंवा 'सिम पिन' असं सर्च करा, सापडतं. पण सुरुवातीला कंपनीचा डिफॉल्ट पिन टाकावा लागतो, तो कस्टमर केअरला विचारून घ्या, अंदाजपंचे टाकू नका. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा वेगळा कोड, मागतं, आणि तो 10 वेळा चुकला की सिम कायमचं बाद. नंतर डिफॉल्ट बदलून स्वतःचा ठेवा, जन्मसाल नको. आईबाबांच्या फोनला लावलात तर पिन त्यांना सांगून ठेवा, नाहीतर फोन रिस्टार्ट झाला की 'फोन बिघडला' म्हणून तुम्हालाच फोन येईल, तोही शेजारच्यांच्या फोनवरून. ई-सिमवाल्यांना हा ट्रेचा त्रास नाही.

मग फोनचं कव्हर. आत्ता काढून बघा मागे काय काय कोंबलंय. डेबिट कार्ड, आधार, घडी केलेली पन्नासची नोट. नोट राहू दे, कार्ड आणि आधार काढा. कारण यूपीआय नव्या फोनवर चालू करताना त्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि बँकेला वाटतं तुम्हीच आहात. पुढे यूपीआय पिन नवीन करायला बऱ्याच बँकांत डेबिट कार्डाचे शेवटचे 6 आकडे, एक्स्पायरी आणि ओटीपी एवढंच लागतं, किंवा आधारचे पहिले 6 आकडे आणि ओटीपी. म्हणजे बिनपिनाचं सिम आणि कव्हरमधलं कार्ड, दोन्ही आपण एकाच पाकिटात घालून चोराच्या हातात दिलं. अजून सिमला पिन लावला नसेल तर वाचणं थांबवा आणि लावा, मी आहे इथेच.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसतो तो बंद करा. नाहीतर ओटीपी न उघडता वाचता येतो, मग सिम काढायचेही कष्ट नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेपचा 6 आकडी पिन लावा, नाहीतर तुमच्या नावाने काकांकडे पैसे मागितले जातील आणि काका देतीलही.

*#06# दाबा, 15 आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात, दोन्ही कागदावर लिहून घरी ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका. गूगलचे 8 आकडी बॅकअप कोडही प्रिंट करा, कारण फोन शोधायला दुसरीकडून लॉगिन करायला जाल तेव्हा गूगल 'तुमच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवलंय' म्हणेल. गेलेल्या फोनवर! आयफोन असेल तर स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन चालू करा, म्हणजे नुसत्या पासकोडवर चोराला महत्त्वाच्या सेटिंग्ज बदलता येत नाहीत, अँड्रॉइडला थेफ्ट डिटेक्शन लॉक, म्हणजे फोन हिसकावून पळालं की तो आपोआप लॉक होतो.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आणि झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.

गेलाच फोन, तर सोबतच्याच्या फोनवरून पहिल्यांदा सिम बंद करा. पिन लावला असेल तरी करा, नसेल तर पळत करा. मग बँक. पैसे गेले असतील तर लगेच 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मग पोलीस तक्रार, लोकलमध्ये गेला असेल तर रेल्वे पोलीस. तक्रारीची कॉपी आणि आयएमईआय घेऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक. तिथेच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं, अनोळखी नंबर असेल तर कळवा. 'तुमचा फोन सापडला, इथे क्लिक करा' असा मेसेज आला तर क्लिक करू नका, तो चोराचाच असतो.

डुप्लिकेट सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, त्यामुळे ओटीपीची कामं अडकणार, दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. आणि जुन्या सिमचा पिन नव्यावर येत नाही, तेव्हा दुकानातून बाहेर पडायच्या आधी तिथेच उभं राहून परत लावा.