बायोप्सी रिपोर्टात ‘नेक्रोसिस’ लिहिलंय? या चुका टाळा

मिरजेत स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासायला (बायोप्सीला) देऊन लोक जत-तासगावला परततात. दोन-चार दिवसांनी रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि त्यातलं ‘नेक्रोसिस’ (पेशी मरणं) घरभर फिरतं. कुणी म्हणतं, “पेशी मेल्यात ना, मग कॅन्सर मरतोय. जरा थांबूया.” दुसऱ्याचं म्हणणं, “आत सडलंय, आता काही खरं नाही.” दोन्ही चूक, आणि पहिली जास्त महागात पडते.

रिपोर्टात ‘डीसीआयएस’ (स्तनाच्या कॅन्सरची अगदी सुरुवातीची अवस्था) असेल तर रोग अजून दूधनळीच्या आतच आहे, स्टेज शून्य. नळीच्या पोकळीत रक्तवाहिनी नसते, प्राणवायू बाहेरून झिरपतो. पेशी भराभर वाढून नळी ठासून भरली की मधल्यांना प्राणवायू पोचत नाही, त्या मरतात. कडेच्या मात्र जिवंत असतात, वाढतही असतात. मेलेल्या गाळात कॅल्शियम साचतं. मॅमोग्राफीतले बारीक पांढरे ठिपके पुष्कळदा हेच. म्हणजे आतल्या पेशी मेल्या, त्या रोगाच्या घाईमुळे. ‘कोमेडो नेक्रोसिस’, म्हणजे नळीच्या मधोमध साचलेला हा मेलेला गाळ, बहुधा वरच्या ग्रेडसोबत (पेशी जास्त आक्रमक असल्याची खूण) दिसतं, म्हणून ऑपरेशन दिवाळीनंतरवर ढकलू नका. आणि घाबरूनही जाऊ नका: वेळेत उपचार झाले तर डीसीआयएसच्या बहुतेक बायका बऱ्या होतात.

पेशी मरण्याचा दुसरा प्रकार ‘अपोप्टोसिस’, तो वेगळा. १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं. यात पेशी स्वतःच आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि आजूबाजूच्या पेशी ते गिळतात. केमोच्या बऱ्याच औषधांचा मारा याच वाटेनं होतो. पण दोन-तीन केमोत गाठ हाताला लागेनाशी झाली म्हणून ऑपरेशन टाळणं ही मोठी चूक. जिवंत पेशी उरल्यात का, हे तो भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच कळतं.

आता तुकड्याबद्दल. तो सलाइनच्या बाटलीत किंवा नुसत्या पिशवीत घालून एसटीनं आणू नका. काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रावण) बुडायला हवा, त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. बरणी मोठी घ्या. उशीर झाला तर ऊती खराब होतात आणि ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरच्या हार्मोन आणि प्रथिनांच्या खुणा तपासणाऱ्या चाचण्या) यांचे निकाल चुकू शकतात. पुढची औषधं त्यांवरच ठरतात.

मुंबईला दाखवायचं ठरलं तर नुसते कागद नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या. उन्हाळ्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण पघळतं.