मोठ्या माशासाठी रिळावर दोरी भरताना या चुका टाळा

सोलापूरपासून समुद्र लांब असला तरी उजनीच्या पाण्यावर मरळ आणि कटला धरून हात बसलेली बरीच तरुण मंडळी आता रत्नागिरी-मालवणच्या होड्यांवर जाऊ लागली आहेत, आणि ज्यांना परवडते ती इथूनच चेन्नईची गाडी धरून पुढे विमानाने अंदमान गाठतात. निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांतले पुष्कळजण नवे कोरे रीळ घेऊन माझ्याकडे येतात आणि दोरी तेवढी भरून द्या म्हणतात. रिळासाठी वीस-पंचवीस हजार रुपये मोजण्याआधी त्यांनी महिनाभर व्हिडिओ पाहिलेले असतात. दोरीचा विचार मात्र बिल करताना दुकानदाराने त्यांच्या वतीने केलेला असतो. खोल समुद्रातला मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा घरी बसून केलेल्या चुकीमुळे, आणि या चुका वर्षानुवर्षे त्याच त्या असतात.

दुकानात होणारी चूक

खोक्यावरचा पौंडाचा आकडा जितका मोठा तितकी दोरी चांगली, हा समज धरणावरून समुद्रापर्यंत सोबत जातो. रिळात किती दोरी मावेल हे पौंडांवर ठरत नाही, जाडीवर ठरते, आणि तेही जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. जपानी पद्धतीत ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या, दोरीची जाडी पीई क्रमांकाने सांगतात. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई ५ म्हणजे सुमारे ०.३७ आणि पीई ८ म्हणजे सुमारे ०.४७ मिलिमीटर. ज्या रिळावर पीई ५ ची ३०० मीटर दोरी बसते, त्याच रिळावर पीई ८ ची १८६ मीटरच्या आसपासच बसते. कुप्याच्या जातीतला मोठा यलोफिन ट्यूना पहिल्याच धावेत दीडशे-दोनशे मीटर दोरी ओढून नेऊ शकतो, त्यामुळे 'जास्त मजबूत' दोरी घेणाऱ्याचे स्पूल, म्हणजे रिळातली दोरी गुंडाळायची चकरी, मासा दमण्याआधीच रिकामे होते. जाड दोरी हवी असेल तर रीळही मोठे हवे. लहान रिळावर जाड दोरी भरणे हा काटकसरीचा मार्ग नाही.

स्वस्त ब्रेडेड दोरीच्या खोक्यावर ०.३० मिलिमीटर जाडी आणि १०० पौंड ताकद असे दोन्ही आकडे शेजारी छापलेले दिसले, तर त्यांतला एक खोटा आहे असे समजून खोके परत ठेवावे. ज्यांना विक्रमांची हौस आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की १९३९ साली स्थापन झालेली आणि जागतिक विक्रमांची नोंद ठेवणारी आयजीएफए ही संस्था दावेदाराकडून दोरीचा नमुना मागते आणि तो ओला करून तोडून पाहते. नायलॉन पाणी शोषतो आणि ओला झाला की त्याची ताकद कमी होते, म्हणून कोरड्या दोरीच्या आकड्यावर फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

तंगूस, म्हणजे नायलॉनची मोनो दोरी, आता जुनी झाली असे सांगणारे बरेच भेटतात. चालत्या होडीमागे आमिष ओढण्यासाठी मी आजही तंगूसच भरतो, कारण सुरमई किंवा सेलफिश झडप घालते तेव्हा त्याचा ताण खाण्याचा गुण तो धक्का झेलतो. ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणली जातच नाही, त्यामुळे पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायचे नकली आमिष) फेकण्यासाठी आणि खोलात जिगिंग करण्यासाठी, म्हणजे जड आमिष खाली सोडून झटके देत वर ओढण्यासाठी, ती उत्तम, पण खडकाला किंवा पोवळ्याला घासली की तुटायला वेळ लागत नाही.

दोरीचा गठ्ठाच फिरतो

ही चूक इतकी साधी आणि इतकी महाग आहे की तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. ब्रेडेड दोरी गुळगुळीत असते. ती थेट धातूच्या स्पूलवर गाठ मारून भरली, तर जोराची ओढ बसताच स्पूल जागेवर राहते आणि भरलेल्या दोरीचा सगळा गठ्ठा त्याच्याभोवती घसरून फिरू लागतो.

ओळखीतला एक मुलगा अंदमानला निघाला होता. रीळ दोन दिवस ठेवून जा असे मी त्याला सांगितले, पण गाडी त्याच रात्रीची असल्यामुळे त्याला धीर नव्हता. मित्राला पेन्सिलीत दोरीचे भेंडोळे धरायला लावून त्याने घरीच रीळ भरले. तिकडे खडकाच्या कडेला पॉपर ओढत असताना जायंट ट्रेव्हली या दांडग्या माशाने तो घेतला. दोरी सुटू लागली, पण ड्रॅगचा, म्हणजे ठरावीक ओढीनंतर स्पूल फिरू देणाऱ्या ब्रेकचा, कटकट आवाज मात्र आला नाही, आणि हँडल फिरवले तरी एक वीतही दोरी परत येईना. त्याला वाटले ड्रॅग सैल आहे, म्हणून त्याने तो आवळत आवळत शेवटापर्यंत नेला. ड्रॅगचा या दुखण्याशी काही संबंधच नसल्यामुळे त्याचाही परिणाम झाला नाही. होडीवाला ओरडेपर्यंत मासा पोवळ्याच्या भिंतीखाली गेला आणि दोरी घासून तुटली. परत आल्यावर रिळाचा ड्रॅग निकामी आहे, कंपनीला पत्र लिहायचे आहे, असे तो माझ्यासमोर ठामपणे सांगत होता. मी स्पूल एका हातात घट्ट धरले, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने भरलेली दोरी दाबून वळवली, आणि सगळा गठ्ठा त्याच्या डोळ्यांसमोर सरकन फिरला. ड्रॅगच्या चकत्या नव्यासारख्या होत्या. पत्र लिहिण्याचा विषय तिथेच संपला.

हीच अंगठ्याची चाचणी प्रत्येकाने निघण्याआधी करावी; तिला अर्धे मिनिट लागते. उपाय म्हणून मी आधी स्पूलवर दोन थर बसतील इतका तंगूस घट्ट भरतो आणि त्याला ब्रेडेड दोरी दुहेरी युनी गाठीने जोडतो. तंगूस स्पूलला धरून बसतो आणि त्याच्यावर ब्रेडेड दोरी सरकत नाही. काही नव्या स्पूलवर रबराची पट्टी असते, तिथे हे टाळता येते असे कंपन्या सांगतात, तरी मी तंगूस भरतोच. इन्सुलेशन टेपचा एक वेढा देऊन काम भागवणारे पुष्कळ आहेत. धरणावरच्या माशाला तो पुरेल, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या रिळातला टेपचा गोंद काय अवस्थेत असतो हे ज्याने एकदा पाहिले आहे, तो समुद्रावर जाताना टेपवर विसंबणार नाही.

सैल भरलेली दोरी

माग चालवणाऱ्या घरांतल्या मुलांना ही गोष्ट समजवावी लागू नये असे मला नेहमी वाटते, कारण बीमवर ताणा सैल-घट्ट भरला गेला तर माग सुरू होताच धागे तुटतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते. तरीही रीळ हातात आले की तीच मुले दोन बोटांच्या चिमटीतून दोरी सोडत दहा मिनिटांत भरून मोकळी होतात. वरून सगळे छान आणि सपाट दिसते. मासा लागतो आणि आठ-नऊ किलोची ओढ बसते, तेव्हा वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांमध्ये घुसतो आणि तिथेच अडकतो. पुढच्या धावेला दोरी सुटण्याऐवजी एकदम थांबते. मग जो आवाज येतो तो ज्याने ऐकला आहे त्याला सांगायला नको, आणि तुटलेली दोरी कधी कधी स्पूलवर इतकी गुंतलेली असते की चाकूशिवाय सुटत नाही.

दोरी भरताना ताण किती असावा याचे नियम निरनिराळे सांगितले जातात. माझी सवय अशी की माशाच्या झडपेच्या वेळी जितका ड्रॅग लावणार, त्याच्या निम्मा ताण भरताना असावा, आणि खालचे थर त्याहून थोडे घट्ट असावेत. दुकानातल्या यंत्रावर हे जमते, पण यंत्रावरचा माणूस घाईत असेल तर तेही व्यर्थ. घरी दोघांनी बसावे. एकाने रीळ रॉडवर लावून, दोरी रॉडच्या पहिल्या कडीतून घेऊन हँडल फिरवावे आणि दुसऱ्याने पाण्यात भिजवून पिळलेला जाड सुती टॉवेल दोरीभोवती दुमडून दाबून धरावा. असा टॉवेल सोलापुरात कोणाच्या घरी नाही! कोरड्या कपड्यातून वेगाने दोरी खेचणारे हमखास दोरी खराब करतात, कारण ब्रेडेड दोरीचा पॉलिथिलीन धागा सुमारे १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतो, नायलॉन मात्र २०० च्या पुढे. घर्षणाची उष्णता डोळ्यांना दिसत नाही. चकाकी गेलेला, कडक झालेला दोरीचा तुकडा दिसतो. ताण वाढवण्यासाठी दोरी हाताला गुंडाळण्याचा मूर्खपणा कोणीही करू नये, ब्रेडेड दोरी बोट कापते. ३०० मीटरला तासभर लागला तरी लागू द्यावा. भरून झाल्यावर अंगठ्याच्या नखाने दाबून पाहावे. खळगा पडला तर सगळी दोरी काढून पुन्हा भरावी. इथे नवखे लोक मला खडूस म्हणतात, ते म्हणोत.

ज्यांना घरी हे जमले नाही त्यांनी निदान होडीवर गेल्यावर, मोकळ्या पाण्यात होडी हळू पुढे जात असताना, आमिष न लावता जवळजवळ सगळी दोरी मागे सोडावी आणि पाण्याच्या ओढीविरुद्ध पुन्हा गुंडाळावी. तंगूस मात्र फार जोराने भरू नये. ताणून भरलेला नायलॉन आकसू पाहतो आणि शेकडो वेढ्यांचा दाब एकत्र येऊन हलक्या स्पूलच्या कडा वाकवतो, क्वचित फोडतो.

ड्रॅग हाताने ओढून ठरवणे

दोरी हाताने ओढून पाहायची, 'बास, एवढा पुरे' म्हणायचे आणि होडीवर चढायचे, ही दुसरी रूढ चूक. मुठीला सहा किलो आणि दहा किलो यांतला फरक कळत नाही. सामान तोलायचा लटकता स्प्रिंगचा काटा दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. दोरी रॉडच्या सगळ्या कड्यांतून घ्यावी, रॉड मासा लागल्यावर धरतो तितका कलता धरावा आणि दुसऱ्याने काटा ओढून आकडा वाचावा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ड्रॅग हा सर्वसाधारण संकेत आहे. ८० पौंडांची दोरी म्हणजे सुमारे ३६ किलो, म्हणून ९ ते १२ किलो. पण कागदावरचे ९ किलो ज्यांना क्षुल्लक वाटतात, त्यांनी अंगणात उभे राहून पाच मिनिटे ती ओढ झेलून दाखवावी आणि मग बोलावे. नवख्याला मी ६-७ किलोवर ठेवतो.

यापुढची गोष्ट तर अनुभवी लोकही विसरतात. दोरी सुटत जाते तसा स्पूलवरचा गठ्ठा लहान होतो आणि ड्रॅगच्या घुंडीला हात न लावताही ओढ वाढत जाते. मध्यापासून दोरीच्या वरच्या थरापर्यंतचे अंतर ३५ मिलिमीटरवरून २५ वर आले, तर ८ किलोचा ड्रॅग ११ किलोंच्या पुढे जातो, आणि पाण्यात पसरलेल्या दोरीची ओढ त्यात आणखी मिळते. म्हणजे मासा दूर गेला की ड्रॅग थोडा सैल करायला हवा. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो.

गाठी आणि बाकीचे

ब्रेडेड दोरीला जाड मोनो लीडर (गळाजवळचा मजबूत तुकडा) जोडण्यासाठी एफजी नावाची गाठ शिकावी. ती बारीक असते आणि कड्यांतून अडखळत नाही. ही गाठ होडीवर, लाटांत, पहिल्यांदा बांधायला बसणाऱ्याला मी मदत करत नाही. घरी पंख्याखाली बसून ती इतक्या वेळा बांधावी की बोलता बोलता जमेल. गाठ कोणतीही असो, आवळण्याआधी ओली करावी. आवळल्यावर एफजी गाठीतल्या ब्रेडेड दोरीचा रंग गडद झाला नाही, तर गाठ बसलेली नाही.

सुरमई, टोकदार दातांचा बॅराकुडा आणि वाहू असतील तिथे तारेचा लीडर लावावा. फ्लोरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या प्लास्टिक दोरीचा) लीडर कितीही महाग घेतला तरी तो दातांपुढे टिकत नाही.

स्पिनिंग रिळाचे स्पूल काठोकाठ भरू नये, काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी, नाहीतर फेकताना वेढ्यांचा पुंजका एकदम सुटतो.

आयजीएफएच्या नियमांत बसायचे असेल तर १० किलोंवरच्या दोरीसाठी दुहेरी दोरी (टोकाशी दुमडून दोनपदरी केलेला भाग) आणि लीडर यांची एकत्रित लांबी ४० फुटांपेक्षा, म्हणजे १२.१९ मीटरपेक्षा, जास्त चालत नाही.

परत आल्यावर रीळ जोराच्या फवाऱ्याखाली धरू नये, त्याने मीठ आत ढकलले जाते. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आमच्या शहरात तेवढे पाणी उधळणेही बरे दिसत नाही. ड्रॅग किंचित आवळून रिळावर तांब्याने हळूहळू पाणी ओतावे, पुसून सावलीत वाळवावे, आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा, म्हणजे चकत्या दबून चिकटत नाहीत. तंगूस गच्चीवर किंवा खिडकीत ठेवू नये, सूर्यप्रकाश त्याला कमजोर करतो. महाग ब्रेडेड दोरी मात्र एका हंगामानंतर फेकण्याचे कारण नाही. पुढची झिजलेली लांबी कापावी आणि उरलेली दुसऱ्या स्पूलवर उलटी भरून घ्यावी, म्हणजे तळाशी न वापरलेली राहिलेली दोरी वर येते. ही दोरीसुद्धा ओल्या टॉवेलातून, तितक्याच ताणाने आणि तितक्याच वेळात भरायची असते.