एज ऑफ एम्पायर्स २ : रानडुक्कर टाउन सेंटरपर्यंत कसे आणावे

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गाव वसवून सैन्य उभारण्याचा संगणकावरचा खेळ १९९९ साली आला. पुढील सूचना २०१९ च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या नव्या आवृत्तीला धरून आहेत. नवशिक्याला बहुधा ‘आधी बराक बांध, सैन्य काढ’ असे सांगितले जाते. मला हा सल्ला मुळीच मान्य नाही, कारण सैन्य अन्नावर उभे राहते आणि अन्नाचे गणित पहिल्या काही मिनिटांतच जमते किंवा बिघडते.

डाव सुरू होताच टाउन सेंटरमधून, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीतून, गावकरी काढायला घ्यावेत (प्रत्येकी ५० अन्न, २५ सेकंद) आणि ही रांग खंडू देऊ नये. लगेच घर बांधावे. घोडेस्वाराला मेंढ्या शोधायला पाठवावे.

आता रानडुक्कर. एका मेंढीत १०० अन्न असते, तर एका डुकरात ३४०. म्हणून ते सोडून चालत नाही. जागलीला जाऊन रात्रभर डबे वाजवत डुकरे शेतातून हाकलणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला डुक्कर मुद्दाम घराकडे आणणे विचित्र वाटते, आणि मलाही ते जमायला बरेच महिने लागले. माझी चूक अशी होती की मी चार-पाच गावकरी थेट डुकरावर पाठवून ते रानातच मारत असे. त्यामुळे अन्न वाहून आणण्यात वेळ जाई आणि दरम्यान मांस कुजून कमी होत जाई.

एकच गावकरी पाठवावा. त्याने दोन बाण मारले की क्षणाचाही विलंब न करता त्याला टाउन सेंटरकडे पळवावे आणि तो पोहोचेपर्यंत नजर त्याच्यावरच ठेवावी. गावकऱ्याचा जीव २५ असतो आणि डुकराची एक धडक ७ घेते, म्हणजे चौथ्या धडकेला तो मेलाच. त्यामुळे ५० सोने खर्चून ‘लूम’ ही गावकऱ्यांचा जीव वाढवणारी सुधारणा आधी घ्यावी. जीव ४० होतो. लूम म्हणजे वेळेचा अपव्यय, असे सांगणारे लोक सरावलेले असतात; आपण त्यांचे ऐकू नये.

डुक्कर टाउन सेंटरला येऊन भिडले की मेंढ्यांवरचे पाच-सहा गावकरी एकदम त्याच्यावर सोडावेत. पळून आलेला गावकरी फारच जखमी असेल तर त्याला इमारतीत घ्यावे, पण सगळ्यांना आत घेऊ नये, कारण मग इमारतीतून बाण सुटतात आणि डुक्कर त्या बाणांनी मेले तर त्याचे मांस गोळा करता येत नाही. ही चूक मी सलग दोन डावांत केली आहे. पहिल्या डुकराचे अन्न निम्म्याखाली आले की दुसऱ्याच्या मागे लागावे.

पुढचे सोपे आहे. उरलेले गावकरी लाकडावर लावावेत, ५०० अन्न साठताच फ्यूडल एज या पुढच्या युगात जावे आणि ६० लाकडांची शेते वाढवत राहावीत. शत्रूचे घोडदळ आले तर भालेकरी, धनुर्धारी आले तर स्कर्मिशर (दुरून भाले फेकणारे सैनिक) काढावेत.

भारनियमनाच्या वेळा लक्षात ठेवून, एकट्याच्या डावात डुकरावर पहिला बाण सोडण्यापूर्वी डाव सेव्ह करून ठेवावा.