फ्रीटाइप वापरून फॉन्टमधील अक्षरांचे बिटमॅप तयार करणे

बहुतेक फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षरांची तयार चित्रे (बिटमॅप, म्हणजे पिक्सेलांची जाळी) नसतात. असतात त्या बाह्यरेषा, म्हणजे ट्रूटाइपमध्ये द्विघाती आणि पोस्टस्क्रिप्ट घराण्यातील फॉन्टमध्ये त्रिघाती बेझिए वक्र (काही बिंदूंवरून सूत्राने काढलेल्या वक्ररेषा). या रेषा हव्या त्या आकारात पिक्सेलांच्या जाळीवर उतरवून देण्याचे काम सी भाषेत लिहिलेली फ्रीटाइप ही लायब्ररी करते. मात्र ती एका वेळी एकच ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधील एक अक्षराकृती, देते. ते ओळीत कोठे बसवायचे हे आपण ठरवायचे असते, आणि बहुतेक चुका तेथेच होतात.

सुरुवात सोपी आहे. एफटी_इनिट_फ्रीटाइप या फंक्शनने लायब्ररी सुरू करावी आणि एफटी_न्यू_फेसला फाइलचा मार्ग व फेसचा, म्हणजे फाइलमधील एका फॉन्टचा, क्रमांक (बहुधा ०) द्यावा. ही दोन्ही फंक्शने यशस्वी झाल्यावर ० परत करतात, त्यामुळे अट उलटी लिहिली जाणार नाही याकडे लक्ष असावे.

आकार दोन प्रकारे सांगता येतो. एफटी_सेट_पिक्सेल_साइझेसला ३२ हा आकडा दिला तर फॉन्टची एम चौकट (अक्षरे ज्या मापात आखलेली असतात तो चौरस) ३२ पिक्सेलांची होते. अक्षर तेवढेच उंच येईल असे मात्र नाही. एफटी_सेट_कॅर_साइझ हे फंक्शन पॉइंटच्या ६४ व्या भागात मोजते, म्हणून १२ पॉइंटसाठी ७६८ द्यावे लागतात, आणि इंचाला ९६ पिक्सेल धरल्यास त्याचे १६ पिक्सेल होतात.

त्यानंतर एफटी_गेट_कॅर_इंडेक्सने युनिकोड अंकावरून ग्लिफचा क्रमांक काढावा (तो ० आला तर ते अक्षर फॉन्टमध्ये नाही), एफटी_लोड_ग्लिफने ग्लिफ लोड करावे आणि एफटी_रेंडर_ग्लिफने बिटमॅप मिळवावा. समजा, आधाररेषा (ज्या रेषेवर अक्षरे बसवतात ती) चित्राच्या १०० व्या ओळीच्या वरच्या कडेवर आहे आणि बिटमॅप_टॉप (आधाररेषेपासून बिटमॅपच्या वरच्या कडेची उंची) २२ आहे. तर बिटमॅपची पहिली ओळ ७८ व्या ओळीवर ठेवावी, कारण फ्रीटाइपमध्ये वरची दिशा धन असते आणि आपल्या चित्रात ओळी वरून खाली मोजल्या जातात. बिटमॅपमध्ये एकूण २९ ओळी असतील तर शेवटच्या ७ आधाररेषेखाली जातात. आडव्या दिशेने बिटमॅप_लेफ्ट (बिटमॅपच्या डाव्या कडेचे अंतर) चिन्ह न बदलता ग्लिफच्या आरंभीच्या जागेत मिळवावे.

बिटमॅप वाचताना एका ओळीवरून दुसरीवर जाण्यासाठी रुंदी नव्हे, पिच (एका ओळीने व्यापलेल्या बाइटांची संख्या) वापरावा. काळ्या-पांढऱ्या बिटमॅपमध्ये १३ पिक्सेलांची ओळ २ बाइट घेते. तेथे रुंदीवर विसंबले की चित्र तिरके फाटते. शिवाय पुढचे ग्लिफ लोड होताच आधीचा बिटमॅप पुसला जातो, म्हणून तो जपायचा असल्यास लगेच प्रत काढून ठेवावी.

पुढच्या ग्लिफची जागा अ‍ॅडव्हान्सवरून (म्हणजे ग्लिफनंतर पुढे सरकायच्या अंतरावरून) ठरते आणि तोही पिक्सेलच्या ६४ व्या भागात असतो. हिंटिंग (बाह्यरेषा पिक्सेलांच्या जाळीशी जुळवून घेणे) बंद ठेवून अचूक जागा हवी असेल, तर प्रत्येक वेळी अपूर्णांक टाकून न देता तो साठवत जावा आणि रेंडर करण्याआधी एफटी_आउटलाइन_ट्रान्सलेटने बाह्यरेषा तेवढी सरकवावी. देवनागरीत याचा परिणाम शिरोरेषेवर लगेच दिसतो. सरकवूनही एक बारीक दोष राहू शकतो: जोडावर दोन्ही ग्लिफांनी एकाच पिक्सेलचा निम्मा भाग व्यापला असेल, तर नेहमीच्या मिश्रणाने तो पाऊणच भरतो आणि रेषेवर फिकट उभी खूण उमटते. मला येथे त्या पिक्सेलच्या दोन्ही मूल्यांची बेरीज करून ती २५५ वर (म्हणजे पूर्ण भरलेल्या पिक्सेलच्या मूल्यावर) रोखणे अधिक योग्य वाटते.

देवनागरीसाठी केवळ फ्रीटाइप पुरत नाही. ‘कि’ लिहिताना युनिकोडमध्ये क आधी येतो, पण वेलांटीचे ग्लिफ त्याच्या आधी काढावे लागते. जोडाक्षरांचे नियमही फॉन्टच्या तक्त्यांत असतात. ते काम हार्फबझ या मजकुराची मांडणी करणाऱ्या लायब्ररीकडे सोपवावे. हार्फबझ ग्लिफांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा देते, तेव्हा एफटी_गेट_कॅर_इंडेक्सची पायरी गाळून तेच क्रमांक एफटी_लोड_ग्लिफला द्यावेत.

काम झाल्यावर आधी एफटी_डन_फेस आणि मग एफटी_डन_फ्रीटाइप बोलवावे. फॉन्ट एफटी_न्यू_मेमरी_फेसने स्मृतीतून उघडला असेल, तर फेस बंद होईपर्यंत ती स्मृती मोकळी करू नये.