गुडघ्याची गादी परत वाढवायचीय? आधी हे बघा

"गॅप कमी झालाय, वंगण संपलंय" असं ऐकून घरी आलात की पहिलं काम म्हणजे नेमकं काय झिजलंय ते विचारा. गादीत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत, एका जागी खड्डा पडलाय की अख्खा गुडघाच घासलाय? पुढचं सगळं ह्यावरच ठरतं आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही. उभं राहून काढलेला एक्स-रे लागतो (झोपून काढला तर दोन हाडांमधला गॅप नीट कळत नाही) आणि खड्डा बघायला एमआरआय.

कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, म्हणून कातडीसारखी ती आपोआप भरून येत नाही. छोटा खड्डा असेल तर दुर्बिणीतून हाडाला बारीक भोकं पाडतात, मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात त्याला. रक्त येऊन तिथे नवीन थर धरतो पण तो मूळ कूर्चेइतका चिवट नसतो, काही वर्षांत परत दुखू शकतं, हे आधीच डोक्यात ठेवा.

मोठ्या खड्ड्याला तुमच्याच पेशी वापरतात. दुर्बिणीतून कूर्चेचा इवलासा तुकडा काढायचा, लॅबमध्ये काही आठवडे पेशी वाढवायच्या आणि दुसऱ्या ऑपरेशनला खड्ड्यात बसवायच्या. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी २३ पेशंटवर केलेलं हे काम छापून आलं आणि तिथून गाडी सुरू झाली. आपल्याकडेही २०१७ पासून मुंबईच्या एका कंपनीच्या अशा पेशींना परवानगी आहे. पण पाय वाकडा असेल, लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटलं असेल तर ते आधी किंवा सोबतच दुरुस्त करायला लागतं, नाहीतर नवीन कूर्चा पण घासून जाते. नंतर काही आठवडे कुबड्या, कित्येक महिने फिजिओ, आणि पळायचं असेल तर वर्षभर तरी थांबा, इथेच लोक घाई करतात आणि पैसे पाण्यात.

आता आईबाबांच्या साठीतल्या गुडघ्याचं. अख्खा गुडघा घासला असेल तर ह्या लॅबमध्ये वाढवलेल्या कूर्चेच्या पेशींचा उपयोग नाही, ते स्पष्ट सांगतो. "स्टेमसेलचं इंजेक्शन, गादी परत येईल" अशी जाहिरात दिसली की कुठल्या प्रॉडक्टला परवानगी आहे, लेखी दाखवा म्हणा. २०२२ मध्ये बंगळुरूच्या एका प्रॉडक्टला गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातासाठी परवानगी मिळालीय, म्हणून गल्लीतलं प्रत्येक इंजेक्शन तेच असतं असं नाही! ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांनी गादी वाढत नाही. वजन एक किलो उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, त्यामुळे मांडीचे व्यायाम आणि वजन आधी, गुडघा बदलायचं ऑपरेशन नंतर बघू.