रोडगे, वांग्याची भाजी अन् डाळकांदा: आमच्या घरच्या माणसांच्या हातचा सैपाक

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. वावरात रोडगे, म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचे विस्तवात भाजलेले गोळे, करायचे असले की त्या दिवशी सैपाक माणसांचा, बायांनी फक्त जेवायला यायचं, हे आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, वेळेपासून चालत आलेलं आहे. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, गोवऱ्यांचं पोतं गाडीत टाकतात, बाबा गंज म्हणजे मोठं पातेलं, परात अन् सराटा म्हणजे उलथणं घेतात, काका रस्त्यातच कोणाच्या तरी वाडीतून वांगे तोडून आणतात, अन् विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली की झालं सुरू.

तिघांच्याही हाताला चव आहे पण विचारलं तर कोणी नीट सांगत नाही, म्हणजे लपवतात असं नाही, त्यांनी कधी मोजलंच नाही. "तेल किती टाकू मोठेबाबा?" तर म्हणे "पीठ मुठीत धरून पाह्य, दिसन तुले." आबाजी गेले तेव्हा त्यांच्या हातची खारोडीची भाजी त्यांच्यासोबतच गेली, कोणालाच नीट जमत नाही आता, ते मला फार लागलं. म्हणून मागच्या हिवाळ्यात मी वजनाचा काटा अन् वही घेऊनच वावरात गेली, त्यांनी काहीही हातात घेतलं की आधी काट्यावर ठेवायला लावलं. खालचे रोडग्याचे अन् वांग्याच्या भाजीचे आकडे त्या दिवसाचे आहेत, पाच-सहा माणसांच्या पोटभर जेवणाचे.

रोडगे

सगळ्यात आधी दळण. हे चुकलं तर पुढं काहीच करता येत नाही. घरच्या पोळीच्या कणकेचे रोडगे करू नका, मी एकदा केले होते, वरून करपले अन् आतून चिकट गोळा राहिला, शेवटी गाईला घालावे लागले. चक्कीवाल्याला सांगायचं की रोडग्याचं दळण दे, तो बरोबर जाडसर दळून देतो, हाताला बारीक रव्यासारखं लागलं पाहिजे. शहरात असं दळण मिळत नसेल तर तीन वाट्या कणकेला एक वाटी बारीक रवा मिसळा, बऱ्यापैकी जमते.

एक किलो पिठाला 100 ग्रॅम तेल, दोन लहान चमचे मीठ, एक चमचा ओवा हातावर चोळून. तेल आधी कोरड्या पिठाला चोळायचं, पाणी नंतर. मोठेबाबांची मुठीची खूण हीच आहे, पीठ मुठीत दाबलं तर लाडवासारखं उभं राहिलं पाहिजे अन् बोटानं टोचलं की फुटलं पाहिजे. मग साधारण अर्धा लिटर पाणी, पण एकदम ओतायचं नाही, थोडं थोडं घालत घट्ट भिजवायचं, पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट. अर्धा तास ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, जाडं पीठ पाणी सावकाश पिते.

आता पदरं. रोडग्याची सगळी मजा पदरातच आहे. एका रोडग्याला तीन लाट्या घ्यायच्या, एक लहान सुपारीएवढी, दुसरी लिंबाएवढी, तिसरी त्याहून मोठी. लहानीची पुरी लाटून तिला तेल लावायचं अन् गोळा करून टाकायचा. मधली लाटायची, तिलाही तेल लावायचं, त्यात तो लहान गोळा ठेवून पुरणासारखं तोंड बंद करायचं. मग तिसरी लाटून तेल लावून त्यात हा गोळा. तोंड नीट दाबून बंद करा, नाही तर विस्तवात उघडते अन् राख आत जाते. असे एक किलोत आमचे नऊ झाले.

दरम्यान कोणीतरी गोवऱ्या पेटवायला पाहिजे. आमच्याकडे पऱ्हाट्या अन् तुराट्या, म्हणजे कापसाच्या अन् तुरीच्या वाळल्या काड्या, ढिगानं पडलेल्या असतात पण त्या फक्त पेटवायच्या कामाच्या, त्यांचा जाळ भसकन् येते अन् भसकन् जाते. रोडग्याला गोवऱ्याच पाहिजे, पंधरा-वीस लागतात, चांगल्या वाळलेल्या. धूर पूर्ण थांबून वर पांढरी राख धरली अन् खाली लाल निखारा राहिला की समजायचं तयार आहे. जाळ दिसून राहिला असेल तर थांबा, घाई करू नका, जाळावर टाकला की वरून काळा अन् आतून कच्चा हे ठरलेलं.

निखारे पसरवून रोडगे वर मांडायचे अन् चिमट्यानं फिरवत राहायचं, पंधरा-वीस मिनिटात सगळीकडून कडक होऊन डाग पडतात. मग निखारे बाजूला ओढून खालच्या गरम राखेत रोडगे पुरायचे, वरून राख अन् थोडे निखारे, अन् अर्धा तास त्यांच्याकडे पाहायचंच नाही. काढल्यावर मोठेबाबा एकेक रोडगा बोटाच्या पेरानं ठोकून पाहतात, पोकळ आवाज आला की बाजूला, भद्द आवाज आला की परत राखेत. मी कान लावून ऐकलं तेव्हा मला फरक कळला, खरंच कळते. बहुतेक रोडग्यांना वरून आपोआप भेग पडलेली असते.

मग फडक्यात धरून राख झटकायची, हातानं दाबून फोडायचा, पदरं सुटी होतात, त्यावर तूप. तुपात काटकसर करू नका.

घरी ओव्हन असेल तर 180 डिग्रीवर 40 ते 45 मिनिटं, मधात एकदा पलटवून. गॅसवरचा बाटीचा तंदूर असते त्यातही होतात. धुराचा वास नाही येणार पण पदरं तशीच सुटतात.

काकांची वांग्याची भाजी

रोडग्यासोबत हीच भाजी अन् तुरीचं साधं वरण, दुसरं काही शोभत नाही. वांगे एक किलो, काटेरी देठाचे अन् हातात हलके लागणारे घ्या, जड वांग्यात बिया जास्त असतात. आलू पाव किलो. वांग्याच्या मोठ्या फोडी करून लगेच मिठाच्या पाण्यात टाका, नाही तर काळ्या पडतात.

मसाला काका विस्तवावरच करतात. तीन कांदे अन् खोबऱ्याची अर्धी वाटी निखाऱ्यात भाजायची, कांदे सालासकट, साल जळून आतला कांदा मऊ झाला पाहिजे. दोन चमचे धने, एक चमचा जिरं, दोन चमचे खसखस कोरडी भाजून, एक मोठा लसणाचा गाठा, बोटभर आलं, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सगळं पाट्यावर वाटायचं. मिक्सर चालते पण पाणी कमी घाला, वाटण पातळ झालं की तेलात नीट परतत नाही.

गंजात 150 ग्रॅम तेल. हे पाहून घाबरू नका, तर्री याच तेलाची येते. मोहरी-जिऱ्याची फोडणी, मग वाटण टाकून सराट्यानं हलवत राहायचं, दहा मिनिटं तरी, तेल कडेनं सुटेपर्यंत. भाजीची चव इथंच ठरते अन् बहुतेक लोक इथंच कंटाळतात. हळद अर्धा चमचा, आमच्याकडे वायगावची असते, वर्धा जिल्ह्यातली, रंग चांगला देते. तिखट चार चमचे, भिवापुरी मिरचीचं असेल तर तीनच टाका. तिखट टाकताना चुलीतलं लाकूड थोडं मागं ओढा, जळालं की भाजी कडू होते. मग आलू, पाच मिनिटांनी वांगे, मीठ, फोडी मसाल्यात चांगल्या परतून घ्या अन् वरून दीड लिटर कढत पाणी, थंड पाणी टाकलं की तर्री बसते. वीस-पंचवीस मिनिटात वांगं शिजून जाते पण फोड दिसली पाहिजे, पार गाळ करू नका. वरून सांबार. रस्सा पातळच राहू द्या, रोडगा तो पिऊन घेते.

वरणाचं काय सांगू, पाव किलो तुरीची डाळ, हळद, हिंग, मीठ, चांगली घोटलेली, बस.

रोडगे उरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून गूळ अन् तूप घालून लहान लेकरांना द्या. आमच्या घरी मुद्दाम दोन जास्त करतात.

मामाचा गोळाभात, थोडक्यात

जाडसर बेसन दोन वाट्या, चार चमचे गरम तेलाचं मोहन, तिखट, हळद, हिंग, मीठ, अन् गोळा वळण्यापुरतंच पाणी. भाताचं पाणी आटत आलं की लिंबाएवढे गोळे भातात खुपसून झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. वाढताना गोळा भातात फोडायचा अन् वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीचं कढत तेल घ्यायचं. गोळे कोरडे लागले तर मोहन कमी पडलं समजा.

बाबांचा डाळकांदा

वावरात चूल पेटवणं आमच्याकडच्या सगळ्याच माणसांना आवडते, घरातल्या गॅसजवळ मात्र कोणी फिरकत नाही. बाबा फिरकले ते आईचं ऑपरेशन झालं तेव्हा. ती नागपूरले आठ दिवस होती, मावशी तिच्याजवळ, अन् घरी मी बारावीला अन् लहान भाऊ. पहिल्या दिवशी बाबांनी डाळकांदा केला अन् पुढं आठातले पाच दिवस तोच होता, कारण तोच येत होता. तेव्हा कंटाळा आला होता. आता माझ्या सासरी मी आठवड्यातून एकदा करते.

चण्याची डाळ एक वाटी दोन तास भिजवा. कांदे चार, मोठे, जाडसर उभे चिरलेले. बाबा कांदे ओल्या डोळ्यांनी चिरत बसायचे अन् एकेक पाकळी बोटानं सुटी करायचे, म्हणायचे गठ्ठा राहिला की मधात कच्चा राहते. तेल पाच चमचे, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण आठ-दहा पाकळ्या. कांदा टाकून गुलाबी होईपर्यंतच परता, लाल नाही, लाल झाला की त्याचा गोडवा भाजीत उतरत नाही. हळद, दोन चमचे तिखट, एक चमचा घरचा काळा मसाला, मीठ, मग निथळलेली डाळ टाकून दोन मिनिटं हलवा अन् दोन वाट्या गरम पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. कुकर लावू नका, डाळ फुटून पिठलं होते. दाणा बोटात दाबला की चेपला पाहिजे पण ताटात अख्खा दिसला पाहिजे. पाणी आटून तेल वर आलं की उतरवा, वरून सांबार अन् लिंबू, सोबत ज्वारीची भाकर.

आई घरी आली त्या दिवशीही बाबांनी हाच केला होता, तिच्यासाठी वाटीभर बिनतिखटाचा वेगळा काढून. तिनं भाकर कुस्करून सगळा खाल्ला अन् वाटी परत पुढं केली, दवाखान्यातून आल्यावर तिनं दुसऱ्यांदा काही मागितलं ते पहिल्यांदाच. बिनतिखटाचा करायचा असेल तर तिखट टाकायच्या आधीच वेगळ्या गंजुलीत काढून घ्या, अर्धा चमचा धन्याची पूड अन् चिमूटभर साखर टाका, पाणी अर्धी वाटी जास्त, म्हणजे डाळ जरा मऊ शिजते.