तणाचा प्लॉट कुणी निंदला? (एमएस्सी ॲग्रोनॉमीला येणाऱ्यांसाठी)

ॲडमिशन सुरू झाल्या की ज्युनिअर पोरं विचारतात, दादा तणनियंत्रणावर टॉपिक घेऊ का, सोपा असतो म्हणे. सोपा म्हणजे कसं, तर फवारा मारायचा आणि गवत मेलं का बघायचं. मलाही असंच वाटलं होतं, म्हणून जे झालं ते सांगतो.

माझा ट्रायल सोयाबीनवर, काळ्या जमिनीत. सात ट्रीटमेंट (तणनियंत्रणाच्या सात पद्धती), तीन रेप्लिकेशन (प्रत्येक पद्धत तीनदा), म्हणजे 21 प्लॉट. सातच का, तर गाईड सरांनी सांगितलं की एररचे डिग्री ऑफ फ्रीडम (प्रयोगातल्या चुकीचा अंदाज किती माहितीवर टेकलाय त्याचा आकडा) किमान 12 तरी पाहिजेत, आणि सात उणे एक सहा, तीन उणे एक दोन, सहा गुणिले दोन बरोबर 12. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिताना हा हिशोब आधी करा, नाहीतर कमिटीसमोर बसून करावा लागतो. ट्रीटमेंटमध्ये पेंडीमिथॅलिन, डिक्लोसुलम, इमॅझेथापायर ही तणनाशकं, पेंडीनंतर इमॅझेथापायर, दोन डवरण्या आणि एक निंदण, वीड फ्री (तण अजिबात राहू द्यायचं नाही), आणि शेवटी टी-7 म्हणजे वीडी चेक, ज्यात काहीच करायचं नाही, गवत वाढू द्यायचं.

फवारणीच्या आधी सिरिंज विकत घ्या, खरंच. माझा प्लॉट 5 बाय 4.5 मीटर, म्हणजे 22.5 चौरस मीटर. हेक्टरी 1 किलो क्रियाशील घटक द्यायचा तर 30 टक्केवाल्या पेंडीमिथॅलिनचे एका प्लॉटला फक्त 7.5 मिली येतात, आणि हेक्टरी 500 लिटर पाणी धरलं तर सव्वा लिटरच्या आत पाणी. झाकणाने मोजायची सवय असेल तर इथं ट्रायल पहिल्याच दिवशी बसला. आधी साध्या पाण्याने चालून बघा, आपल्या चालीने एवढ्या जागेत किती पाणी जातं ते, आणि फ्लॅट फॅन नोझलच वापरा.

इमॅझेथापायर उगवणीनंतरचं, तण दोन-चार पानांवर असताना, साधारण 15 ते 20 दिवसांत मारायचं असतं. पण पाऊस लागला आणि वापसाच येईना, काळ्या रानात पाय टाकला की बूट तिथंच राहतो, शेवटी 26व्या दिवशी मारलं तोवर केना नावाचं तण चांगलं पसरलं होतं. केन्याचं काय सांगू, उपटून धुऱ्यावर टाकला तर तिथं कांड्याला मुळ्या फोडतो, आणि जमिनीखालीसुद्धा फुलं येऊन त्याचं बी धरतं, हे मला एमएस्सीला येईपर्यंत माहीत नव्हतं. लव्हाळा तर वेगळाच विषय, वरून कापा नाहीतर उपटा, खाली गाठी आहेतच.

मोजणीचा कंटाळा येणार हे धरून चला. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट टाकायची, आतलं एकेक रोप जातीप्रमाणे मोजायचं, चारने गुणायचं, मग कापून पाकिटात भरून ओव्हनमध्ये सुकवून वजन. गुडघ्यावर बसून कुंजरू, दुधी, माठ वेगळे करताना कंबर जाते. चौकट टाकताना स्वच्छ जागा बघून टाकायचा मोह होतो, तो करू नका, तुमच्या आवडत्या ट्रीटमेंटला तर अजिबातच नको. आणि आकडे शून्यापासून शंभराच्या पुढं जातात म्हणून ॲनालिसिसला आधी स्क्वेअर रूट ट्रान्सफॉर्मेशन करायचं, म्हणजे प्रत्येक आकड्यात 0.5 मिळवून वर्गमूळ घ्यायचं, मी कच्चेच आकडे टाकले होते आणि सरांनी पूर्ण तक्ता परत केला.

सॉइल हेल्थ हा शब्द टायटलमध्ये टाकायची सगळ्यांना हौस असते. एका खरिपात सेंद्रिय कर्ब हलत नाही हो! आधी आणि नंतर दोन्ही वेळा जवळपास तोच आकडा येतो आणि मग चर्चेत काय लिहायचं ते सुचत नाही. त्यापेक्षा लवकर बदलणारं काहीतरी घ्या, म्हणजे डिहायड्रोजिनेज एन्झाइम (मातीतले सूक्ष्मजीव किती कामात आहेत ते दाखवणारं) नाहीतर सूक्ष्मजीवांची संख्या, कारण तणनाशकाचा मातीवर काय परिणाम होतो हे तिथं आधी दिसतं. फक्त हे नमुने ओलेच, थंड ठेवायचे. मी कर्बाच्या नमुन्यासारखे सावलीत मस्त वाळवून ठेवले आणि पहिला पूर्ण लॉट फेकला.

आता मुख्य गोष्ट. 35व्या दिवशी सकाळी फार्मवर गेलो तर तिसऱ्या रेप्लिकेशनचा टी-7 एकदम चकाचक! बाजूच्या ट्रायलला आलेल्या मावशींनी निंदून टाकलेला. विचारलं तर म्हणाल्या, "अरे बाळा, सोयाबीन गुदमरत होतं रे, आम्हाला बघवंना." मी तिथंच धुऱ्यावर बसलो. कारण वीड कंट्रोल एफिशिअन्सी (तण किती टक्के आटोक्यात आलं) काढताना प्रत्येक ट्रीटमेंटच्या तणाचं वजन वीडी चेकशीच ताडून बघतात, तोच गेला तर त्या रेप्लिकेशनला आधारच नाही. शेवटी मिसिंग प्लॉट धरून, म्हणजे बाकीच्या प्लॉटच्या आकड्यांवरून, किंमत काढली, एररचा एक डिग्री ऑफ फ्रीडम गेला, 12 चे 11 झाले, आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न त्यावरच.

चूक मावशींची नव्हती. खुंटीवर मी इंग्रजीत टी-7 आर-3 लिहिलेलं, ते त्यांनी कसं समजून घ्यायचं? आणि आयुष्यभर गवत काढणाऱ्या माणसाला गवत जपून ठेवलंय हे सुचणार तरी कसं. पुढच्या खरिपात मराठीत मोठी पाटी लावली, "हे गवत काढू नये", आणि पेरणीच्याच दिवशी सगळ्यांना चहा पाजून प्लॉट फिरून दाखवले. ऑगस्टमध्ये एक नवीन बाई खुरपं घेऊन टी-7 कडं वळली तर त्याच मावशी लांबून ओरडल्या, "ए, तिकडं हात लावू नको, पोराचं गवत आहे ते!"